राव सारांचा शब्द

"सार, ती जरा उलटी करून दाखवा."

सेतुमाधव रावांनी मान वर केली. पांढऱ्या गादीपलीकडे बसलेली मुलगी वीस-एकवीसची होती, मांडीवर कॉलेजची पिशवी, शेजारी आई. रेशमी साड्या उलगडण्यात रावांची बत्तीस वर्षं गेली होती, पण गिऱ्हाइकानं आपण होऊन साडी उलटी करायला सांगितलेली त्यांना आठवत नव्हती. गिऱ्हाईक पदर बघतं, रंग बघतं, किमतीची चिठ्ठी बघतं. साडीची पाठ बघायची खोड फक्त रावांना.

"कशाला, अम्मा?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"काठ आणि अंग जोडल्याची जागा बघायचीय. इंटरनेटवर लिहिलंय." मग समोरचा माणूस वयस्कर आहे हे तिच्या लक्षात आलं असावं. तिनं सावकाश समजावून सांगितलं, "सरळ रेघ यंत्राची, वाकडी रेघ माणसाची."

रावांनी साडी उलटी केली आणि हसू दाबलं. हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. मागच्या आठवड्यात सांबारभात कालवता कालवता त्यांनी ते आपल्या मुलीला सांगितलं होतं. आठ दिवसांत ते इंग्रजी झालं, गावभर फिरलं, पुन्हा तमिळ झालं आणि त्यांच्याच गादीवर येऊन बसलं. शेजारच्या गादीवरचा व्यंकट म्हणाला, "राव सार, आता तुम्हीसुद्धा इंटरनेट शिकून घ्या. नाहीतर नोकरी जायची." सगळे हसले. राव सगळ्यांत जास्त हसले आणि त्या संध्याकाळी बस सोडून नुंगंबाक्कमहून पश्चिम मांबळमपर्यंत चालत घरी गेले. ही दोन हजार सातची गोष्ट.

फॅशन हा शब्द रावांच्या तोंडून आयुष्यात कधी निघाला नसेल. त्यांचे स्वतःचे सदरे दोन, दोन्ही पांढरे. कपाळाला गोपीचंदन, पायात रबरी चपला. या माणसाला कपड्यांचं वेड आहे असं कुणी म्हटलं असतं, तर अख्ख्या गल्लीनं त्याला वेड्यात काढलं असतं. पण वेड होतं, आणि ते घरात फार लवकर उघडकीला आलं होतं. लग्नाच्या नवलाईत नवरा रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघतो म्हणून विजयलक्ष्मीनं चार दिवस अबोला धरला होता. पाचव्या दिवशी तिला कळलं, की तो बाईकडे बघतच नाही, तिच्या निऱ्यांकडे बघतो. "हें त्याहून वाईट," ती म्हणाली आणि पानं मांडायला लागली.

घराणं तंजावरचं, मराठी. तीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजीराजांच्या मागून दक्षिणेत उतरलेल्यांपैकी. चेन्नईत अशा माणसाला राव म्हणतात, आणि तो जरा वडीलधारा असला की राव सार. दुकानात ते साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवत. तशी रीतच आहे त्या धंद्यात. पिळदार मिशांचे बाप्ये पदर सोडून, मान वाकडी करून आरशापुढे उभे राहतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. रावांची गंमत वेगळी होती. गिऱ्हाइकानं साडी पसंत केली, पिशवीत भरायची वेळ आली, की ते साडीची पाठ अंगठ्यानं चाचपायचे आणि कधी कधी म्हणायचे, "ही नको, अम्मा. दुसरी दाखवतो."

मालक कृष्णस्वामी, ज्यांना सगळे मुदलाळी म्हणत, त्यांनी पहिल्या वर्षी रावांना दोनदा काढून टाकायचं ठरवलं. मग त्यांच्या ध्यानात आलं, की "राव सार हो म्हणाले" एवढ्यावर बायका अड्यारहून, वेल्लूरहून, थेट बंगळूरहून येतात. मुदलाळींनी पगार वाढवला नाही, पण काढून टाकायचा विचार सोडून दिला. रावांनी आयुष्यात घर बांधलं नाही, गाडी घेतली नाही. मिळवला म्हणायचा तो तेवढा एक हो.

त्यांची एकुलती मुलगी संयुक्ता शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या कामातल्या चुका दिवसभर शोधायच्या, असलं काम. ती त्याला इतकी कंटाळली होती, की घरी येऊन चप्पल काढताना आधी सुस्कारा ऐकू यायचा आणि मग चप्पल. एका संध्याकाळी तिनं सहज विचारलं, "आज काय आलं, अप्पा?" रावांनी सांगितलं. मोहरीच्या रंगाची एक आली होती, काठ जांभळा. असला जांभळा पूर्वी आरणी गावचा एक म्हातारा रंगवायचा, तो गेल्यावर आजच पहिल्यांदा दिसला. ती ऐकत राहिली आणि जेवण झाल्यावर तेच तिनं इंग्रजीत लिहून काढलं. असा ब्लॉग सुरू झाला. नाव ठेवलं मुंदाणै, म्हणजे तमिळमध्ये पदर.

मग ते रोजचंच झालं. साडेसात वाजता ताटं, आणि ताटावर तो प्रश्न. ऑफिसला कोणती सुती नेसावी, काळ्यासावळ्या मुलीनं पिवळ्याला का भिऊ नये, कांचीपुरमचे विणकर काठ आणि अंग वेगळ्या धोट्यांनी विणून एकमेकांत कसे अडकवतात, त्याला कोर्वै का म्हणतात. "अगो, तें दोन माणसांचें काम," राव हात धुवायचं विसरून सांगायचे. "एकट्याकडून होत नाही. म्हणून जोडाची रेघ वाकडी येते. हात दोघांचे, मग सरळ कशी येईल?" बत्तीस वर्षं लोकांनी त्यांना किंमत विचारली होती. त्यांना काय ठाऊक आहे, हे या पोरीनं पहिल्यांदा विचारलं. रावांना दिवसभर दुकानात भूक लागेना. संध्याकाळी काय सांगायचं, हेच डोक्यात.

ब्लॉग वाढला. आधी शंभर वाचणारे, मग हजार, मग परदेशातून पत्रं. एका इंग्रजी वर्तमानपत्रानं रविवारच्या पुरवणीत तिचा फोटो छापला, वर मथळा असा की चेन्नईच्या बायका आता हिचं वाचून नेसतात. त्या फोटोत तिच्या अंगावर राखाडी साडी होती आणि निऱ्या रावांनी घातल्या होत्या. ते कात्रण राव सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरले, पण दुकानात कुणाला दाखवलं नाही. पिकतं तिथं विकत नाही, हे ते जाणून होते.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात मात्र ताटावरचा प्रश्न बंद पडला. संयुक्ता डाव्या हातात फोन घेऊन जेवायला लागली. रोज पन्नास पत्रांना उत्तरं द्यायची, फोटो काढायचे, कुणाकुणाला भेटायचं. राव आपण होऊन सुरू करायचे, "आज एक अरक्कु रंगाची आली..." ती म्हणायची, "हं, अप्पा," आणि अंगठा चालूच. राव मग ताकभात लवकर संपवायचे. असे दोन महिने गेले.

आणि एक दिवस आतून हाक आली. "अप्पा, इकडे या ना जरा."

राव ओल्या हातानंच गेले. संगणकावर साड्या होत्या. एका नव्या कंपनीनं इंटरनेटवरून साड्या विकायला काढल्या होत्या, आणि मुंदाणैनं त्यांच्याविषयी दर महिन्याला लिहावं, त्याचे पैसे घ्यावेत, असा करार आला होता. करार झाला तर संयुक्ता नोकरी सोडणार होती.

"कश्या आहेत?"

"रंग फर्स्ट क्लास," राव वाकून म्हणाले. "काठ रुंद, जुन्या धाटणीचा."

"कोर्वै ना? खऱ्या?"

पाठ कुठें आहे, हे रावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. चित्रात साडीची पाठ नव्हती. पण ती मान वळवून त्यांच्याकडे बघत होती. सात वर्षांची असताना पाढा म्हणून झाल्यावर बघायची, तशी. पाठ मागितली असती तर ती म्हणाली असती, मागवून घेते. मग चार दिवस जाणार, मग पुन्हा फोन, पुन्हा पत्रं, आणि पुन्हा कुणी हाक मारणार नाही. दोन महिन्यांनी कुणी त्यांना विचारत होतं.

"खऱ्या दिसतात," ते म्हणाले.

"अप्पा, हो की नाही सांगा. त्यांना आज कळवायचंय. तुम्ही हो म्हणालात तर मी सही करते."

"हो."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. रावांची गेली, आणि जिवंतपणी गेली, काचेवरच्या चित्रापुढे. पण त्या क्षणी ते खूश होते, इतके की विजयलक्ष्मीला म्हणाले, "उद्या पायसम कर. पोरीचें काम झालें."

नवरात्राच्या आधी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका दुपारी तिशीची एक बाई जिना चढून वर आली, हातात कागदी पिशवी. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये तिनं दोघांना काही विचारलं, मग फोन कानाला लावून म्हणाली, "आई, पोचले गं दुकानात. थांब, विचारते."

"या हो, अम्मा. बसा," राव म्हणाले. "मराठीच बोला."

"अय्या! काका, तुम्ही मराठी?"

"तंजावरचे आम्ही. कांही पिढ्या झाल्या येऊन."

"किती छान बोलता! पोथी वाचल्यासारखं." ती गादीवर मांडी घालून बसली. नाव अर्चना, माहेर कराडचं. नवरा इथल्या मोटारींच्या कारखान्यात, ती स्वतः एका शाळेत शिकवायची. भावाचं लग्न ठरलं होतं. आई अंगणवाडीत काम करणारी, जन्मभर नायलॉनच्या साड्या नेसलेली. "म्हटलं, माझ्या पगारातून तिला एक खरी कांचीपुरम घ्यायची. घेतलीये. आता तसलीच एक नवरीला इथून घेते. पण आधी ही बघा ना. आमच्या शेजारच्या शशिकला मामी म्हणाल्या, नुंगंबाक्कमला राव सार आहेत, त्यांना दाखव. ते तोंडावर खरं सांगतात. तुम्हीच ना?"

"मीच." रावांनी पिशवीतून साडी काढली. मोहरीच्या रंगाची, काठ अरक्कु, लाखेसारखा तांबडा.

"तशी काळजी नाहीये म्हणा," ती म्हणाली. "मुंदाणै वाचून इंटरनेटवरून घेतलीये. ती मुलगी लिहिते ना, माझ्या वडिलांच्या हाताखालून गेल्याशिवाय इथे एकही साडी येत नाही. पण आईचं मन राहत नाही. एवढ्या महागाची नेसायला भिते ती. म्हणते, कुणाला तरी दाखव."

"असें लिहिलें आहे? वडिलांच्या हाताखालून?"

"हो, पहिल्याच ओळीत."

साडी हातात घेतली तेव्हाच रावांना कळलं होतं. रेशीम असं निसटत नाही, आणि इतकं हलकं नसतं. तरी त्यांनी ती उलटी केली, काठ आणि अंग जिथं मिळतात तिथं अंगठा ठेवला आणि हातभर पुढे नेला. पट्टी ठेवून आखावी तशी रेघ. एका धोट्यात, एका यंत्रावर विणलेली. मध्ये कुठेही गाठ नाही, चूक नाही, माणूस नाही.

शेजारच्या गादीवर व्यंकटचा हात थांबला होता. त्यालाही दिसलं होतं.

ही नको, अम्मा. एवढेच शब्द. आजवर शेकडो वेळा म्हटलेले, मुदलाळींसमोर म्हटलेले. रावांना आपल्या मुलीचं टेबल दिसलं. नवं टेबल, त्यावर तिनं नोकरीच्या जागेहून आणलेली कुंडी. ही बाई शिक्षिका आहे, लिहिणारी आहे. आज तिला खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत ती मुंदाणैवर लिहील, आणि उद्या ते हजारो लोक वाचतील. त्यांना भीती वाटली. चौपन्न वर्षांच्या आयुष्यात साडीसमोर बसून ती पहिल्यांदाच वाटली.

"काका?"

"खरी आहे," राव म्हणाले.

"नक्की ना?"

"नक्की."

"आई, ऐकलंस? काकांनी हात लावून सांगितलं." आणि त्यांनी नको म्हणायच्या आत तिनं फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडून दबका, घाबरा आवाज आला, "नमस्कार हो. पोरगी खुळी आहे माझी. एवढा खर्च कशाला केला, म्हणत होते. पण तुम्ही म्हणताय चांगली आहे, तर नेसते मी."

"नेसा, अम्मा," राव म्हणाले. "सुखानें नेसा."

अर्चनानं नवरीसाठी एक निवडली. ती खरी होती, कारण ती दुकानातली होती. जाताना ती वाकली आणि रावांच्या पायांना हात लावला. राव इतके घाईनं मागे सरकले, की पाठ फडताळावर आदळली. ती गेल्यावर त्यांनी व्यंकटकडे पाहिलं. व्यंकट मान खाली घालून साड्यांच्या घड्या घालत होता. एरवी दिवसभर तोंड चालणारा माणूस, पण त्यानं थट्टा केली नाही. तीच गोष्ट रावांना जास्त लागली.

त्या संध्याकाळी ते ठरवून घरी गेले. संयुक्ता नव्या टेबलाशी बसली होती.

"संयुक्ता, त्या साड्यांची पाठ तूं पाहिलीस काय?"

"कुठल्या?"

"त्या कंपनीच्या."

"तुम्ही पाहिलंत ना, अप्पा. मग मी कशाला पाहू?" ती हसली. मग त्यांचा चेहरा पाहून तिची बोटं थांबली. "का? काय झालं?"

राव उभेच होते. तिनं पुन्हा हसून, लाडानं म्हटलं, "तुमच्या एका शब्दावर नोकरी सोडलीये मी. आता घाबरवू नका हं."

"कांही नाही," राव म्हणाले. "सेरी, बरें. लिही तूं."

आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार करायची तर कुणाची करणार? पोरीनं त्यांच्यावर विश्वास ठेवला, एवढाच तिचा गुन्हा. पाठ न बघता हो म्हणणारे ते स्वतः. विजयलक्ष्मीनं कॉफी आणून ठेवली, थोड्या वेळानं येऊन म्हणाली, "अवो, निवून गेली पहा," आणि त्यांच्याकडे नीट बघून पेला तसाच उचलून नेला. काय झालं, हे तिनं विचारलं नाही. तीस वर्षांच्या संसारात तिला कळत होतं, की हा माणूस सांगायचं असेल तेव्हा हात न धुता सांगतो.

दिवाळीपर्यंत तसल्या आणखी सहा साड्या रावांच्या पुढे आल्या. राव सारांना दाखवा, असं बायका एकमेकींना सांगतच होत्या. पहिल्या दोन त्यांनी उलट्या केल्या. पुढच्या चार नाही केल्या. पदराकडे बघायचं आणि मान हलवायची, हे त्यांना जमायला लागलं. खोटं बोलायला वाटतं तितका त्रास होत नाही, पहिल्यांदा होतो तेवढाच, हे कळलं तेव्हा त्यांना स्वतःची किळस आली. रात्री विष्णुसहस्रनाम म्हणताना मध्येच एक नाम निसटायचं, आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

मुंदाणै जोरात होतं. संयुक्तानं कामासाठी एक खोली भाड्यानं घेतली, हाताखाली दोन मुली ठेवल्या. मुंबईला एका सभेत तिला बोलावलं होतं. तिथलं भाषण तिनं घरी आल्यावर दाखवलं. ती व्यासपीठावर, पोपटी साडीत, सांगत होती, "माझं शिक्षण कुठल्या कॉलेजात झालं नाही. माझे वडील साडीच्या दुकानात काम करतात. ते खोटी साडी हातात धरत नाहीत." लोक टाळ्या वाजवत होते. विजयलक्ष्मीनं डोळे पुसले. संयुक्ता वडिलांकडे बघत होती, त्यांनाही रडू येईल म्हणून. राव म्हणाले, "पदर थोडा वर टाचायला हवा होता." ती हिरमुसली. आपण असं का म्हटलं, हे त्यांना कुणाला सांगता आलं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी ते मुदलाळींच्या खोलीत गेले आणि उभे राहिले.

"मला खाली द्या, मुदलाळी. वेष्टी आणि टॉवेलांच्या काउंटरला."

कृष्णस्वामींनी चष्मा काढला. "राव सार, डोकं ठिकाणावर आहे ना? वर रेशमाला लोक तुमच्यासाठी येतात."

"गुडघे दुखतात. गादीवर बसणं होत नाही आता. खाली उभं राहायचं असतं, ते बरं."

"मग खुर्ची देतो."

"खुर्चीवर बसून साडी कशी दाखवणार?"

मुदलाळींनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यांच्या कानावर काही आलं होतं की नाही, देव जाणे. "पगार तोच ठेवतो," ते शेवटी म्हणाले.

घरी रावांनी गुडघ्यांचंच सांगितलं. संयुक्ता हळहळली, एका मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली, तेल आणून दिलं. राव रोज रात्री ते तेल चांगल्या धडधाकट गुडघ्यांना चोळायचे.

खालच्या काउंटरवर काम सोपं होतं. वेष्टी म्हणजे धोतरंच, मापं ठरलेली, घड्या कारखान्यातूनच आलेल्या, प्रत्येक टॉवेल कागदी पट्टीत बांधलेला. वर जाणाऱ्या बायका जिन्याशी थबकायच्या, "राव सार, तुम्ही इथे कसे?" ते हात जोडून वरची वाट दाखवायचे. वर आता व्यंकट होता.

डिसेंबरच्या मध्यावर मार्गळी हा देवाधर्माचा तमिळ महिना लागला तसे देवदर्शनाला जाणारे लोक टॉवेल घ्यायला येऊ लागले. एके सकाळी एक म्हातारे गृहस्थ आले, ओल्या विभूतीचे पट्टे कपाळावर, काठी काउंटरला टेकवलेली. त्यांनी दोन टॉवेल निवडले, एक हातात धरून दाबून पाहिला, आणि विचारलं, "शुद्ध सुती आहे ना? भेसळ नाही?"

टॉवेल रावांच्याही हातात होता. अंगठ्याखाली सूत होतं, चांगलं, इरोडकडचं, दोन वर्षं सहज टिकेल असं. त्यांनी तो खाली ठेवला आणि म्हाताऱ्यापुढे सरकवला.

"पट्टीवर लिहिलेलं आहे, सार," ते म्हणाले. "तुम्हीच वाचून घ्या."

म्हातारा खिशात चष्मा शोधू लागला. राव हात मागे बांधून थांबले.